कौसाचा पाहुणा

बदनापूरला शिक्षकांचं शिबिर होतं. निघताना मी कौसाच्या पलंगाशी उगाच रेंगाळलो, पिशवीचे बंद सोडले, पुन्हा बांधले. एकदा तरी तिनं 'नका जाऊ' म्हणावं, एवढीच माझी आशा. ती म्हणाली, "अहो, गाडी निघून जाईल. जल्दी निघा." मी थोडा रुसूनच निघालो. दोन दिवसांनी आमच्या शेजारच्या रझियाआपांचा थोरला मुलगा शिबिराच्या दारात उभा दिसला. "मास्तर, घरी चला," एवढंच तो बोलला... त्याला महिना होऊन गेला.

कौसा, म्हणजे कौसल्या, माझी बायको. दुष्काळ सरला आणि तिच्या पाठीत कळा सुरू झाल्या. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात मणक्याचा क्षय निघाला. बाज बंद, सपाट फळीवर पडून राहायचं, उठायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. केदारखेड्यातल्या सुताराकडून मी फळ्यांचा पलंग करून घेतला, आणि खुरपणीत सगळ्या बायांना मागं टाकणारी माझी बायको छताचे पत्रे बघत पडली. पहिलं वर्षभर ती माझ्यावर, देवादिकांवर, पाण्याच्या तांब्यावरसुद्धा खेकसायची. "दुखणं परवडलं," म्हणायची, "ते कमीजास्त तरी होतं. हा कंटाळा बिलकुल हलत न्हाई." मी हौसेनं ट्रान्झिस्टर आणला. चार दिवस ऐकला आणि म्हणाली, "बंद करा त्याला. त्यातले लोक कुठं कुठं जाऊन राह्यले, आन् मी हितंच."

त्या पावसाळ्यात आमच्या विहारात एक भंतेजी मुक्कामाला आले होते. कुणीतरी सांगितलं म्हणून घरी आले, पलंगाशेजारी बसले. श्वास येतो-जातो तेवढा बघत राहा, म्हणाले. दुखलं तर दुखतंय एवढंच जाणा, त्याला ओढू नका, ढकलू नका. मला ते सगळं पुस्तकी वाटलं. ज्याची पाठ धड आहे त्याला बोलायला काय जातं! पण कौसानं ते ऐकलं, आणि आपल्या चुलीवर शिजवून घेतलं. एका दुपारी तिचे ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. दुखतंय का, मी विचारलं.

"पाव्हणा आलाय," ती म्हणाली. "बस म्हणलं त्याला. पर च्याला इचारलं न्हाई. च्या टाकला की पाव्हणा जेवायला बी थांबतो."

आणि त्या कळेतही हसली. मग तो आमच्या घरचा शब्दच झाला. रझियाआपा कुडापलीकडून ओरडायच्या, "कौसा, आज कोण पाव्हणे?" आतून उत्तर जायचं, "दुखणं आन् कंटाळा, दोघं बी आल्ते आपा. बसून बसून गेले." ती बरी झाली नाही. पण घरातला आवाज बदलला. बायका आपली रडगाणी घेऊन तिच्याशी येऊन बसू लागल्या, आणि ती फारसं काही न बोलता ऐकायची.

मला मात्र एक टोचत राहिलं. तिनं माझ्याकडं काही मागणंच सोडलं. मी जालन्याहून मोसंबी आणावी, तिनं आल्यागेल्याला वाटून टाकावी. बांगड्या आणल्या तर म्हणाली, "छान हायेत," आणि आपांच्या सुनेच्या हातात भरायला लावल्या. एकदा माझं डोकं फिरलं. म्हणालो, "मीपण पाहुणाच का तुझा? आलो तर बस, गेलो तर जा?"

तिनं पत्र्यांवरची नजर माझ्याकडं वळवली.

"तुम्ही शाळेत गेले की मला बिलकुल करमत न्हाई," मग म्हणाली. "दुपारपासून कान रस्त्याकडं असतेत. पर करमत न्हाई म्हणून तुम्हाला धरून ठिवू का? मी पडले, मंग तुम्हाला बी पाडू?"

मी अंगणात जाऊन सायकलची चांगली असलेली चेन उगाच काढून बसवली.

गेल्या आठवड्यात रझियाआपा दारात येऊन घुटमळल्या. त्यांच्या सासूबाई पडल्या, डॉक्टरांनी फळीवर निजवायला सांगितलंय. "मास्तर, जिवावर येत असंल तर ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या. कौसा असती तर तिनं पलंग हसत दिला असता. मीही दिला, एक बाजू मीच उचलून नेली. परत आलो तर भुईवर पलंगाएवढा चौकोन उघडा पडलेला, खडबडीत, धुळीनं पांढुरका. ती पडल्यापासून घर मीच सारवत आलोय, पण पलंगाखाली माझा हात कधी नीट पोचला नव्हता. रविवारी शेण कालवलं, भिंतीपासून सारवत आलो आणि त्या चौकोनाच्या कडेला अडलो.

आपा दारातून म्हणाल्या, "तेवढं बी घ्या सारवून, मास्तर."

"घेतो," मी म्हणालो. बादलीतलं शेण वाळून गेलं. धरून ठेवू नये, हे मला कळतं. वर्गात मुलांना समजावून सांगता येईल इतकं कळतं. पण मला ती हवी आहे... इथं, या चौकोनावर.