चालू गाडीचं टोचन

माझ्या साडूइतका हट्टी माणूस चंद्रपूर जिल्ह्यात दुसरा नव्हता, आणि गडचिरोलीत असलाच तर तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला असणार! खाणीच्या वर्कशॉपातून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी भंगारात निघालेली एक मिनीबस घेतली. आत पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, सगळं स्वतः ठोकून बसवलं. हे सगळं मोठ्या बाईंसाठी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीसाठी. त्यांचं कंबरेखालचं अंग लुळं पडलं होतं. एसटीत बसवत नव्हतं, चार वर्षांत माहेर दिसलं नव्हतं. गोंडपिपरीपलीकडचं ते खेडं त्यांना एकदा डोळे भरून पाहायचं होतं. इथवर कोणीही साडूंना हात जोडेल.

पण बस गावातल्या गल्लीत शिरणार नाही, म्हणून आपली छोटी कार तिच्या मागं बांधून न्यायची, ही अक्कल कोणाची? आमच्याकडे याला टोचन म्हणतात, आणि टोचन बंद गाडीला लावतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. साडूंनी घरीच वेल्डिंग करून लोखंडी दांडा जोडला आणि मागच्या गाडीचं स्टेअरिंग धरायला मला बसवलं. इंजिन चालवायची सक्त मनाई. "पेट्रोल काऊन जाळता, साडूभाऊ?" काच उघडली तर धूळ, लावली तर भट्टी! ब्रेक कधी दाबायचा, हे बसच्या मागच्या खिडकीतून मोठ्या बाई लाल रुमाल हलवून सांगणार. कोठारी गावाच्या अलीकडे त्यांनी त्याच रुमालानं माशी हाकलली. मी करकचून ब्रेक दाबला आणि बसमधली वरणाची गंजी, भरलेलं पातेलंच, साडूंच्या पाठीवर आली. शिव्या अर्थात मला.

त्यात रस्त्यावरची माणसं भली. दर मैलावर कोणीतरी थांबवायचं, "काऊन जी, बंद पडली का?" साडू बस उभी करून खाली उतरायचे, "चालू हाये! चालू गाडी हाये ते!" "मंग टोचन काऊन लावलं?" साडू तणतणत पुन्हा बसमध्ये चढायचे. एक ट्रकवाला तर पाना घेऊन बोनेटच उघडायला निघाला. साडूंनी जन्मात कोणाकडून साधा स्क्रू ड्रायव्हर मागितला नव्हता. ते असे भडकले की मीच त्या बिचाऱ्याची माफी मागितली.

गाव आलं. गल्लीच्या तोंडाशी टोचन सोडलं, मोठ्या बाईंना उचलून कारमध्ये मागं ठेवलं. मी किल्ली फिरवली. टक. पुन्हा टक. पेट्रोल वाचवायला साडूंनी घरीही महिनोन् महिने इंजिन चालवू दिलं नव्हतं, बॅटरी पार झोपलेली. मनात म्हटलं, घ्या आता, बोला! पण मागं पाहिलं आणि माझा राग जिरला. मोठ्या बाई गल्लीच्या टोकाला दिसणाऱ्या माहेरच्या दाराकडे बघत होत्या.

साडूंनी टोपी काढली. जमलेल्या लोकांपुढं हात जोडले. "बंद हाये, बापा. जरा धक्का मारा."

अख्खं गाव लोटलं. मोठ्या बाई एकेक दार ओळखत होत्या, बायका खिडकीत हात घालून त्यांचे गाल कुरवाळत होत्या. पोरं जोरात रेटायला लागली तसे साडू धापा टाकत ओरडले, "हळू धकवा रे! काय घाई हाये? पाहू द्या तिले."

ते मोठ्या बाईंचं शेवटचं माहेरपण ठरलं. गल्ली पन्नास पावलांची होती. आम्हाला अर्धा तास लागला.