पाचवी बकरी

माझी नात हुडकेश्वरच्या एका बालवाडीत जाते. गेल्या वर्षी तिथे अंकओळखीची चित्रपुस्तकं आली. प्रत्येक पानावर प्राणी आणि खाली दोन ओळींचं गाणं. गाणं म्हणायचं, चित्रावर बोट ठेवायचं, मोजायचं. पुस्तकं चांगली होती. मधल्या पानावर होतं,

पाच बकऱ्या रानात गेल्या,
हिरवा पाला खाऊन आल्या.

पुस्तकं वस्तीतल्या एका पुढाऱ्याने दिली होती. दान आपल्याकडे नावाशिवाय राहत नाही. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवरसुद्धा दात्याचं नाव असतं. इथे ‘सप्रेम भेट’चं स्टिकर होतं, हात जोडलेल्या फोटोसह. पुस्तक उघडलं की मधलं पान आधी दिसतं, म्हणून कार्यकर्त्यांनी ते तिथे लावलं. प्रत्येक प्रतीत, पाचव्या बकरीवर.

एका दुपारी मी नातीला आणायला गेलो, तेव्हा तिचं बोट त्याच पानावर होतं.

“चार बकऱ्या,” ती म्हणाली, “अन् एक काका.”

“पाच म्हन वं,” बाई म्हणाल्या.

“पाचवी कुठी हाय?”

“गाण्यात हाय ना! गाण्यात पाच, तर पाच.”

बाकीची पोरं “पाच!” म्हणून ओरडली. 

स्टिकर काढा, असं मी बाईंना सांगितलं.

“काढून कसं चालन, काकाजी? शनिवारी पुस्तकंवाले साहेब येऊन राहिले. याच पानासंगं त्याहिचा फोटो काढाचा हाय.”

“मग पोरीला चूक तरी म्हणू नका.”

“तुमच्या नातीलेच काहून इतके प्रश्न पडतेत?”

गाणं पाठ होतं. मोजणं पाठ होत नाही. एका वस्तूवर एक बोट, एक आकडा, हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी पटावं लागतं. त्यासाठीच ती चित्रं होती. शाळेने त्याच चित्रांवरून तिला शिकवलं की डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. त्या संध्याकाळी मी तिच्यापुढे संत्री मांडली. तिने ती बरोबर मोजली आणि विचारलं, “आबा, गाण्यात किती हायेत?”

शनिवारी साहेब आले. नातीला पुढे उभं केलं. चार बकऱ्यांवर तिने चार बोटं ठेवली. पाचवं बोट साहेबांच्या फोटोवर ठेवून ती न अडखळता म्हणाली, “पाच.”

साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बाईंनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितल्या.