मेलेल्या कुत्र्याला नोटीस

आधीच सांगतो, भूतखेत, करणी, नजर... मी यातलं काहीच मानत नाही. आमच्या अख्ख्या खानदानात पहिला ग्रॅज्युएट मी – बी.एस्सी. केमिस्ट्री. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे. पुरावा दाखवा, मग बोला, असा माझा स्वभाव. तरी हे लिहितोय.

घोडबंदर रोडला आमची सोसायटी. नवव्या मजल्यावर मी, आई आणि बंड्या – उजवा कान फाटलेला गावठी कुत्रा. आठवडाभर त्याला माझं तोंड दिसायचं नाही, म्हणून शनिवार-रविवार त्याचे. सकाळी सव्वासातला निघायचं, येऊरच्या बाजूला दोन तास भटकायचं, आल्यावर बाल्कनीत आंघोळ, मग चिकन-भात. फोनसुद्धा बंद ठेवायचो.

बाराव्या मजल्यावरच्या सेक्रेटरीला ते खुपायचं. "अहो, कुत्रा सर्व्हिस लिफ्टने न्या. मेन लिफ्ट माणसांसाठी आहे. चाळीतनं आलात, शिकाल हळूहळू!"

एका शुक्रवारी आई बंड्याला खाली फिरवत होती. झाडाखालचं काहीतरी त्यानं खाल्लं आणि तासाभरात तोंडाला फेस येऊन तो मेला. सेक्रेटरी म्हणाला, "चला, एक ताप कमी झाला." मला संशय नव्हता, खात्री होती. पण पुरावा? शून्य.

तीन आठवड्यांनी दाराला नोटीस. 'आपला कुत्रा रविवारी सकाळी सव्वासात वाजता मेन लिफ्टपाशी मोकळा आढळला. ही शेवटची ताकीद.' खाली त्याचीच सही!

नोटीस दारावरून ओरबाडून काढली. तसाच सोसायटीच्या ऑफिसात गेलो. सेक्रेटरी आणि कमिटीचे चौघे बसलेले.

"मेलेल्या कुत्र्याला नोटीस काढता?"

"तसाच दुसरा आणलात ना! फाटक्या कानाचा. लिफ्टच्या दारात बसलेला, मला बाहेर पडू देईना."

"फुटेज लावा."

लावलं. लिफ्टमध्ये सेक्रेटरी एकटाच, कोपऱ्याला चिकटलेला, दुधाची पिशवी छातीशी धरून. नवव्या मजल्यावर दार मिटायला यायचं, आणि मध्ये काही अडकल्यासारखं परत उघडायचं. चार मिनिटं. दारात काहीच नाही...

"तो काय तिथे! दिसत नाही तुम्हाला?" सेक्रेटरी ओरडला. मग आवाजच फुटला त्याचा. "अहो, कणकेच्या गोळ्यात मीच औषध घातलेलं... तो परत येईल कसा?"

चौघांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी पोलिसांसमोर एकालाही आठवेना.

पुढच्या शनिवारी सेक्रेटरी माझ्या दारात. जिन्यानं उतरला तरी नवव्या मजल्यावर बंड्या आडवा येतो म्हणे. फक्त शनिवार-रविवार. "एक हाक मारा त्याला. तुमचं ऐकेल तो."

"लेखी अर्ज द्या," मी म्हटलं. "काय केलंत, कधी, कशात घालून... सगळं सविस्तर."

माझ्याच टेबलावर बसून लिहिलं त्यानं. सहीसकट.

आई म्हणाली, "अरे, मार की एक हाक. रडतोय म्हातारा."

"बंड्या तासभर तडफडत होता, आई."

अर्जाची एक झेरॉक्स पोलीस चौकीत दिली, एक नोटीस बोर्डावर लावली. हाक मारली नाही.

लिफ्टवाल्यांनी दोनदा तपासलं, सेन्सर ठीक आहे. म्हाताऱ्याचे डोळेही ठीक आहेत.

मला मात्र बंड्या एकदाही दिसलेला नाही. हाक मारली तर कदाचित येईलही माझ्याकडे. पण मग तो म्हातारा मोकळा होईल.

नाही मारत.