नळ कोरडा, भिंत ओली

हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. मी लादीवर आडवी, गाल जमिनीला टेकलेला. समोर माझी सून सायली, बसल्या बसल्या एका बाजूला कललेली, मान लुळी. तिच्या मांडीवरची पोरगी घसरून गोधडीवर आलेली... आणि ती रडत नव्हती. अंगाखालचा आधार गेला तरी तान्हं बाळ रडत नाही म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको. दार अगदी जवळ होतं. पण हात उचलावा म्हटलं तर हात माझा नव्हताच. डोक्यात कोणी मुसळ घालतंय असं ठणकत होतं. खोलीच्या मधोमध कोळशाची शेगडी लालबुंद. धूर नाही, वास नाही, काही नाही.

उठायला पाहिजे, एवढं कळत होतं. उठता येत नव्हतं.

तेवढ्यात चर्रर्र असा आवाज झाला. तापल्या तव्यावर पाणी मारलं की होतो तसा, पण मोठा. वाफ आली, राख उडाली, आणि गार पाणी लादीवरून वाहत माझ्या गालाखाली आलं.

ते पाणी शेगडीवर कोणी ओतलं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. सांगतात ते सगळे मलाच वेडी ठरवतात. म्हणून हे लिहितेय.

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. तुमच्या या भुताखेतांच्या पानावर लोकांना पांढऱ्या साडीतल्या बाया दिसतात, ते वाचून मी हसते. लहानपणी बापाबरोबर पहाटेच्या अंधारात मिठागरात जायचे. तिथे साप बघितले, चोर बघितले, भूत एकही नाही. चौथी शिकलेय, पण खुळी नाही.

आम्ही ठाण्याच्या पुढे दिव्याला राहतो, पूर्वेला, तळमजल्यावर. जागा आमचीच होती. मिठागरं बंद पडली, जमीन बिल्डरला दिली, त्याने चार मजले उभे केले आणि आमच्या वाट्याला तळमजल्याची खोली न् किचन आलं. गेल्या वर्षी जुलैत भरतीच्या वेळी जोरात पाऊस झाला, नाला उलटा फिरला आणि घरात गुडघाभर पाणी शिरलं. गाद्या गेल्या, फ्रीज गेला, कपाटाचं प्लायवूड भिजल्या पावासारखं फुगलं. आम्ही चिखल ओढून काढला, लाद्या घासल्या, भाड्याचे मोठे पंखे आणून दिवसरात्र लावले. तीन भिंती सुकल्या. चौथी, जिन्याकडची, सुकेना.

सगळी नाही. नुसता ताटाएवढा डाग. पाणी आलेलं गुडघ्यापर्यंत, आणि हा डाग माझ्या छातीएवढ्या उंचीवर. खाली कोरडं, वर कोरडं, मध्येच ओलं. हात लावला की तळवा भिजायचा. पुसला की दुसऱ्या दिवशी परत. आजूबाजूला काळी बुरशी धरायला लागली. फिनेलने पुसा, ब्लीचिंगने पुसा, चार दिवस बरं, पाचव्या दिवशी काळे ठिपके हजर.

आणि गंमत बघा — दिव्यात नळाला पाणी नाही! टँकरची वाट बघत पिंपं लावून आम्ही बसतो. नळाला येत नाही ते भिंतीला येतं.

मी आधी वरच्या मजल्यावरच्या मीनाला धरलं. म्हटलं, तुझं बाथरूम गळतंय. ती रत्नागिरीकडची, ऐकून घेणारी नाही.

"मावशी, माझं बाथरूम त्या टोकाला, तुमची भिंत या टोकाला. पाणी काय जिना उतरून येतं?"

"मग कुठून येतं, तूच सांग."

"मला काय विचारता? तुमची भिंत, तुमचं पाणी. एक बादली मला पण द्या."

मग मी बोट लावून चाटलं. हसू नका, आमच्या घरात पाणी असंच ओळखायचे. खारट होतं. नळाचं पाणी असतं तर गोडं लागलं असतं. म्हणजे मीनाचा काही दोष नव्हता. खाडीचंच पाणी. पण खाडीचं पाणी छातीएवढं चढून ताटाएवढं बसतं कसं?

बिल्डरचा माणूस आला, डाग बघून म्हणाला, "आजी, पावसाळा आहे." जसं काही मला माहीतच नव्हतं. मग माझा मुलगा महेश एका वॉटरप्रूफिंगवाल्याला घेऊन आला. त्याने प्लास्टर फोडलं, पार विटांपर्यंत. विटा कोरड्या! खडखडीत. मी स्वतः हात लावून बघितला. मागे पाइप नाही, टाकी नाही, जिन्याच्या बाजूने पण कोरडं. त्याने केमिकल मारलं, नवं प्लास्टर केलं, पुट्टी भरली, म्हणाला आता आयुष्यभर बघायला नको. आठवड्याभरात डाग त्याच जागी, तेवढाच.

परत बोलावलं तर म्हणाला, "आजी, तुम्ही भिंत नीट सुकू दिली नाही. आधी पूर्ण कोरडी पाहिजे."

"मी काय तिच्यावर धुणं वाळत घातलं?"

या सगळ्यात सायली बाळंत झाली. लग्नाला इतकी वर्षं झालेली, दोनदा पोटातच गेलेलं, त्यानंतर ही मुलगी. सायलीचं माहेर खडवलीला, पण तिला आई नाही, म्हणून बाळंतपण माझ्याकडेच. आणि मी बाळ-बाळंतिणीला ठेवणार कुठे? त्या एका खोलीत. किचनमध्ये गॅस, शिवाय महेशची झोपायची जागा. पोरगी तिसऱ्या आठवड्यातच खोकायला लागली. एवढीशी छाती वाजायची. डॉक्टरीण म्हणाली, घरात बुरशी आहे का? आहे म्हटलं. मग म्हणाली, पहिलं ते बंद करा नाहीतर बाळाला दुसरीकडे न्या.

दुसरीकडे म्हणजे कुठे? सांगणं सोपं असतं.

रोज सकाळी मी त्या डागाला शिव्या घालायचे. खरंच. "सुक गो बाय एकदाची, माझी पोर मारतेस की काय!" सायली खाटेवरून म्हणायची, "आई, भिंतीशी काय भांडता?" तर मी म्हणायचे, बाकी कोण ऐकतंय माझं?

गणपती गेले, पाऊस थांबेना. तेव्हा मी ठरवलं, आता माझ्या पद्धतीने सुकवते. आमच्यात बाळंतिणीला शेगडीवर ओवा टाकून शेक देतात. शेगडी घरात होतीच. रोज मालीशवाली बाई थोडा वेळ शेक देऊन शेगडी बाहेर नेऊन ठेवायची. मी म्हटलं, जरा मोठी पेटवू आणि खोलीतच ठेवू, भिंतही सुकेल, शेकही होईल. कोळसे बाहेर जिन्यात नीट फुलवून घेतले, धूर पूर्ण गेल्यावर आत आणले. खिडकीवर पावसासाठी प्लास्टिक ठोकलेलं होतं. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दाराच्या फटीत माझं जुनं लुगडं कोंबलं. धूर नाही म्हणजे धोका नाही, हे आम्हाला आयांनी शिकवलेलं. आयांची घरं कौलारू होती, चारी बाजूंनी वारं खेळायचं, हे कोणी शिकवलं नव्हतं.

दुपारची वेळ. लाइट गेलेली, पंखा बंद. महेश कामाला गेलेला. सायली म्हणाली, "आई, डोकं जड झालंय." मी म्हटलं, जागरणाने होतं, बस जरा. भिंतीकडे बघितलं. डाग चांगला ओला चमकत होता. मी म्हटलं, थांब, आज तुझी खोड मोडते. त्यानंतरचं मला आठवतं ते एकदम लादीवर पडलेलं.

मग चर्रर्र.

गालाला गार पाणी लागलं तशी मला जरा शुद्ध आली. उभं राहता येत नव्हतं, कोपरांवर सरकत गेले आणि फटीतलं लुगडं ओढलं. खालून वारा आला. तोंड त्या फटीला लावून पडले, दोन श्वास घेतले, आणि आवाज फुटला. काय ओरडले माहीत नाही. मीना जिन्यावरून धावत आली, दार ढकलून आत शिरली. पहिलं पोरीला उचलून बाहेर नेलं, मग सायलीला काखेत धरून ओढलं. जिन्यात आल्यावर पोरगी रडली. मी आयुष्यात एवढा चांगला आवाज ऐकलेला नाही.

रिक्षाने हॉस्पिटलला नेलं, तिघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टर मला ओरडला ते बरोबरच ओरडला. कोळशाचा गॅस दिसत नाही, वास येत नाही, बंद खोलीत माणूस झोपेतच जातो, म्हणाला. शेगडी अजून थोडा वेळ पेटती राहिली असती तर कोणी उठलं नसतं.

"पण विझवली कोणी?" मी विचारलं.

"तुम्हीच विझवली असेल आजी. अशा वेळी आठवत नाही."

बरं. मी विझवली. कशाने? त्या दिवशी टँकर आलेला नव्हता. पिंप पालथं घातलेलं होतं. सकाळी मी मीनाकडूनच एक कळशी मागून आणली, ती सगळी पोरीच्या आंघोळीला आणि स्वयंपाकाला गेली. खोलीत पाणी म्हणाल तर सायलीच्या उशाशी एक तांब्या, त्यावर वाटी झाकलेली. घरी आल्यावर बघितलं तर तांब्या तसाच भरलेला, वाटी जागेवर.

मी मीनाला शपथ घालून विचारलं.

"मावशी, मी आले तेव्हा शेगडी विझलेली होती. कोळसे पोहत होते त्यात. मला वाटलं तुम्हीच बादली ओतली."

"बादली दिसली तुला?"

"नाही. बादली कुठेच नव्हती."

हॉस्पिटलमधून परत आल्यावर पहिलं काम मी काय केलं, तर लादीवरच्या पाण्याला बोट लावलं. राखेपासून लांब, खाटेखाली थोडं साचून राहिलेलं, तिथे. खारट. तेच पाणी.

आणि डाग गेलेला. भिंत कोरडी. हात फिरवला तर पुट्टीची पांढरी भुकटी हाताला लागली. म्हणाल, शेगडीच्या उष्णतेने सुकली. सुकली असेल. पण सुकली तर पाणी हवेत जातं, खोलीच्या मधोमध उडी मारून शेगडीत पडत नाही. भिंतीवर ओघळ नव्हता. छत मी शिडी लावून महेशला तपासायला लावलं, एक थेंब नाही.

आता लोकांचं ऐका. महेश म्हणतो, "आई, तू ओतलंस आणि विसरलीस, विषय संपव." वॉटरप्रूफिंगवाला येऊन भिंतीवर थापट्या मारत म्हणाला, "बघा आजी, बोललो होतो ना, केमिकलला वेळ लागतो!" त्याला मी चहा पण दिला नाही. भजनातल्या बाया म्हणतात, तुझी सासू आली असेल, जागा तिचीच होती. मी म्हटलं, सासूने जिवंतपणी मला कधी प्यायला पाणी दिलं नाही, ती मेल्यावर शेगडीवर कशाला ओतेल? एकीने सांगितलं गावदेवीला नारळ दे. दिला. देवीला दिला, भिंतीला नाही.

मला नारळ नको, मला उत्तर पाहिजे. ज्या ओलीने माझ्या पोरीच्या छातीत खोकला भरला, जिच्याशी मी दोन महिने भांडले, तिनेच... पुढे मी बोलत नाही. बोलले तर मी पण त्या पांढऱ्या साडीवाल्यांत जमा.

यंदा परत घरात पाणी आलं, घोट्यापर्यंत. चारही भिंती खालून भिजल्या, पंखे लावले, चारही सुकल्या. त्या जागी डाग नाही. मी रोज सकाळी हात लावून बघते. सायली आता काही विचारत नाही. शेगडी मी भंगारात दिली.

पोरगी उभी राहायला शिकतेय. त्याच भिंतीला धरून उभी राहते आणि तळवे आपटते.

त्या दुपारी त्या खोलीत मी होते, सायली होती आणि ही पोरगी होती. तिघी जगलो.