बाईंच्या क्वार्टरची किल्ली

आनंद नगरजवळच्या आमच्या सरकारी शाळेत मुख्याध्यापिकेच्या खुर्चीमागे खिळ्याला एक किल्ली टांगलेली असे. ती आमच्या मुख्याध्यापिका निर्मला बारलिंगे बाईंच्या घराची. त्यांचे यजमान नीळकंठराव कारखान्यात फोरमन, त्यामुळे कारखान्याच्या टाउनशिपमधलं त्यांचं क्वार्टर शाळेच्या भिंतीला लागूनच होतं. मधल्या सुट्टीत मोठ्या वर्गातल्या मुली ती किल्ली घेऊन जात, कारण शाळेत मुलींसाठी शौचालय नव्हतं. सोळा वर्षं हे असंच चाललं.

कागदावर मात्र ते होतं. एका मार्चमध्ये शिक्षण खात्याच्या ऑफिसातून बाबू आला होता. “बहनजी, काम पूरा हुआ लिखकर साइन कर दीजिए, नहीं तो पैसा वापस चला जाएगा. अप्रैल में बनवा देंगे.” मार्चअखेर सगळ्याच शाळा अशा सह्या करत. बाईंनी केली. साक्षीदार म्हणून खाली मी केली, मी तेव्हा त्यांच्या हाताखाली शिक्षिका होते. तो एप्रिल अजून यायचाय.

पुढे बाईंनी किती अर्ज केले, ते मोजणं मी सोडून दिलं. उत्तर ठरलेलं: आपल्या शाळेत शौचालय आहे, सबब दुसरं मंजूर करता येत नाही. मला चीड यायची, बाईंना तीही येईनाशी झाली होती. पत्र फायलीला लावायचं आणि तासाला जायचं.

मग नीळकंठराव रिटायर झाले. जूनअखेर क्वार्टर सोडायचं होतं. बाईंची स्वतःची नोकरी आणखी आठ महिने होती. त्या लांब बिट्टन मार्केटकडे भाड्याच्या घरात जाणार होत्या, पण मुली कुठे जाणार? आठवीत तेव्हा अकरा मुली होत्या.

एका दुपारी बाईंनी मला समोर बसवलं.

“कल्पना, शौचालय बांधून झालं ही आपली सही खोटी होती असं मी लिहून देतेय. त्याशिवाय नवीन मंजूर व्हायचं नाही. तूही देशील का?”

“बाई, तुमची पेन्शन अडकेल हो. आणि माझी तर अजून बारा वर्षं नोकरी आहे.”

“बरं,” त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं. त्यांनी एकटीनेच लिहून दिलं आणि जूनमध्ये किल्ली टाउनशिपच्या ऑफिसात जमा केली.

उत्तर दोन महिन्यांनी आलं. शाळेतलं शौचालय नाहीसं कसं झालं, याचा खुलासा मुख्याध्यापिकेने पंधरा दिवसांत करावा. वाचून बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग चौकशी बसली, पेन्शन तीन वर्षं अडकली. एकदा नीळकंठराव बाजारात भेटले. भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाले, “तिला आता झोप लागते.” मला लाज वाटली.

आता त्या खुर्चीवर मी बसते. खिळा तसाच आहे. आठवीत मुली तीन. बाकीच्यांच्या आया सरळ सांगतात, मोठी झाली, दिवसभर कशी ठेवायची शाळेत? दर जुलैत माहितीचा फॉर्म येतो, त्यात मुलींच्या शौचालयाचा रकाना असतो. यंदा त्या रकान्यापाशी मी बराच वेळ पेन धरून बसले. बाबू नवा होता, घाईत होता. “मैडम, पिछले साल वाला ही उतार दीजिए,” म्हणाला. नोकरीची चार वर्षं उरलीत.

मी ‘आहे’ लिहिलं आणि सही केली.