खालच्या मजल्यावरचा कॅचर

आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांइतका ऐटबाज माणूस हॉलंडमधल्या आमच्या अख्ख्या झूटरमेर गावात नाही, आणि हे त्यांचंही मत आहे. नव्वदीकडे झुकलेत, पण कचरा टाकायला जातानासुद्धा इस्त्रीचा शर्ट लागतो. तरुणपणी अमेरिकेत काळ्या खेळाडूंच्या बेसबॉल लीगमध्ये, तिच्या अखेरच्या वर्षांत, ते कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखे, होते. पुढे डच बायको केली, इथे आले आणि इथल्या दोन पिढ्यांना बेसबॉल शिकवलं. चेंडू अडवून अडवून त्यांची बोटं दहा दिशांना गेली आहेत. हात मिळवला की प्रत्येक बोटाची गोष्ट ऐकावी लागते. रविवारी आमचं क्रिकेट बघायला येतात आणि मी बॅट घेऊन रन काढायला पळालो की बेसबॉलच्या सवयीने बाउंड्रीवरून ओरडतात, "अरे, दांडकं टाक की! कुणाला मारायला निघालास?"

त्यांचा एकच हट्ट आम्हाला झेपत नसे. ते कुणाकडेही जेवायला बसत नसत. गणपतीत बोलावलं तर टाय लावून आले, दारातच उभे राहिले आणि रिकामा पत्र्याचा डबा पुढे केला. बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजोबा, आमच्यात पाहुण्याला दारातून वाटेला लावत नाहीत." तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं. ज्या गावात त्यांचा खेळ बघायला मैदान भरायचं, त्याच गावातलं हॉटेल त्यांना आत घेत नसे. टीम बसमध्ये थांबायची आणि सगळ्यांत धाकटे म्हणून हे मागच्या दाराने डबा भरून आणायचे. "मी एकटा आत बसून जेवलो, तर बसमधल्यांनी काय करायचं?" असं म्हणून ते मोदक घेऊन खाली गेले. बायकोला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

गेल्या महिन्यात इथल्या बेसबॉल क्लबने त्यांच्या सत्काराचं जेवण हॉटेलात ठेवलं. मीच गाडीने घेऊन गेलो. डबा मांडीवर होताच. अध्यक्षबाई कौतुकाने म्हणाल्या, "संधी मिळाली असती, तर हे मोठ्या लीगमध्ये खेळले असते." आजोबा ताडकन उठले. "मी मोठ्याच लीगमध्ये खेळलो, बाई. त्या गोऱ्यांना आमच्यात खेळायची संधी मिळाली नाही, त्याला मी काय करू?" त्यांचे जुने विद्यार्थी, आता पार टकले झालेले, टाळ्या वाजवत उभे राहिले आणि आजोबा बसेपर्यंत कुणी बसेना. शेवटी नाइलाज झाला. आजोबा बसले, आणि सूपपासून आइस्क्रीमपर्यंत सगळं चवीने जेवले. माझी छाती अशी फुगली होती, जणू बोटं माझीच मोडली आहेत.

उठताना मात्र त्यांनी वेटरकडून डबा भरून घेतलाच. घराखाली गाडी थांबवून मी विचारलं, "आज तर बसून जेवलात. मग हा कुणासाठी?"

त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. "टीममधलं आता कुणी उरलं नाही," म्हणाले, आणि डबा माझ्या मांडीवर ठेवला. "बसमध्ये तूच आहेस. खा."

डब्यात मासा होता. आमच्या सात पिढ्यांत कुणी खाल्लेला नाही. ते जिना चढून घरात जाईपर्यंत मी गाडीतच बसून सगळा संपवला.