चाटून बघायची जखम

'जखमवाली मावशी' हे नाव ऐकून नवखा माणूस दचकायचाच. बाई तशी शिवणकाम करणारी. बाहेरच्या खोलीत खिडकीशी मशीन आणि खुंट्यांवर अर्धवट शिवलेले सैनिक, चाचे, भुतं. शाळांच्या नाटकांचे कपडे तीच शिवायची. पण तिचं नाव झालं ते जखमांमुळे.

एका नाटकाच्या वेळी कुणीतरी पोराच्या गालावर बाजारातला कसलातरी रंग फासला, आणि खोटी जखम पुसली तर खाली खरीच निघाली. गाल लालबुंद, भाकरीसारखा फुगलेला. मावशीचं डोकं सणकलं. "पोरांच्या अंगाला लावायचं ते पोटात गेलं तरी चाललं पाहिजे," म्हणत ती स्वयंपाकघरात शिरली. मैदा कोरडा भाजला, साखरेच्या घट्ट पाकात कालवला, झाली कातडी. चमच्याच्या दांड्याने मधोमध चीर दिली, तिच्यात बीटाचा रस भरला आणि रक्त वाळल्यासारखं दिसावं म्हणून वर चिमूटभर कोको. डिंक नाही, डोळ्यांजवळ काही नाही, आणि आदल्या दिवशी मनगटावर ठिपका लावून बघितल्याशिवाय कुणाच्या अंगाला हात नाही.

शेजारचा टॅक्सीवाला अंगाने पैलवान गडी, पण पहिली जखम बघून दारातच पांढराफटक पडला. तेव्हा मावशी पोराला म्हणाली, "चाट रे." पोराने स्वतःचं फाटलेलं मनगट मिटक्या मारत चाटलं. टॅक्सीवाला मटकन खालीच बसला! तेव्हापासून तो रिवाजच पडला. जखम झाली की मावशी म्हणणार "चाट", पोरगं चाटणार, आया किंचाळणार.

घरात सगळ्यात जास्त चाटायची ती चिमणी, मावशीची चार वर्षांची नात. नमुना तिच्याच हातावर उतरायचा. चिमणीची आई, म्हणजे मावशीची लेक, तिच्याहून वस्ताद. उरलेला लगदा कपाळाला लावून ती जमिनीवर 'मरून' पडायची. चिमणीने जखम चाटली की औषध लागू पडायचं आणि आई ताडकन उठून बसायची. या खेळाला मावशी पोट धरून हसली होती. हे तिला पुढे किती महागात पडणार होतं!

त्या दुपारी शाळेत रंगीत तालीम होती. नाटकात भूकंप होता, म्हणजे अख्खा वर्ग जखमी. मावशीने पोरं रांगेत बसवून रंगवली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मावशी, अंगावर काटा आला हो!" मावशी हवेत तरंगत घरी निघाली. स्वतःच्या मनगटावर नमुन्याची एक झकास चीर अजून तशीच होती.

चिमणी पायरीवर बसली होती. तोंड लालभडक.

"काय गं भवाने, बीटाचं भांडं सांडलंस ना?"

"नाही. आजी, तू साखर विसरलीस."

"कशात?"

"आईच्या जखमेत. खारट आहे. मी चाटलं, तरी आई उठतच नाही."

मावशीच्या हातातली पिशवी गळून पडली. ती चिमणीला ओलांडून धावली. आत लेक मशीनच्या लोखंडी पायाशी आडवी पडली होती. माळ्यावरचा पाकाचा डबा काढायला स्टुलावर चढली असणार. स्टूल उलटं, डबा कोपऱ्यात. कपाळ फुटलं होतं, केस रक्तात भिजले होते. आणि तरीही, या वेड्या बाईने काय करावं? वाकून बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. पोरीच्या रक्ताची चव घेतली आईने! जन्मभर ती खारट चव तिच्या तोंडातून गेली नाही.

मग ती अशी ओरडली की टॅक्सीवाला जेवता जेवता उष्ट्या हाताने धावत आला.

दवाखान्यात पहिली नर्स धावली ती मावशीकडे. तिचं मनगट धरून कापूस लावायला लागली.

"अहो ती खोटी आहे! सोडा मला! तिला बघा, तिला!" मावशीने नर्सच्या डोळ्यांदेखत ती चीर ओरबाडून जमिनीवर फेकली. नर्स भूत दिसल्यासारखी बघत राहिली.

डॉक्टर बाहेर आले ते रागातच. "लेक वाचली. पण एवढा वेळ पडून होती, घरात कुणी नव्हतं का?"

होतं की. पायरीवर बसून वाट बघत होतं. गालाला मुठी टेकवून, आई आत्ता उठेल म्हणून.

मावशी चिमणीला एका शब्दानेही रागावली नाही. कुठल्या तोंडाने रागावणार? लेक टाके घेऊन घरी आली तेव्हा चिमणी म्हणाली, "आता पुसून टाक ना गं." आई रडली, आणि मावशी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून उभी राहिली.

जखमा करणं तिने सोडलं नाही. शाळेने ऐकलंच नसतं, आणि बाजारचा रंग पोरांच्या नशिबी पुन्हा यायला नको होता. पण 'चाट' हा शब्द घरातून हद्दपार झाला. आता जखम झाली की मावशी पोराला नळाखाली नेऊन तिचा एक कोपरा धुवायला लावायची. "धुतलं की जाते ती आपली. धुतलं तरी पुन्हा येते ती खरी. मग काय करायचं?" अख्खा वर्ग बोंबलायचा, "मोठ्याने हाक मारायची!" मावशीचं बोट धरून शाळेत आलेली चिमणी मात्र तेव्हा गप्प असायची. तिला समजलंय की नाही, हे विचारायची मावशीची हिंमत होत नव्हती.

एकदा शिवता शिवता सुई मावशीच्या बोटात शिरली. रक्ताचा एवढासा मणी वर आला. चिमणीने तिचं बोट धरलं, नळाखाली नेलं, धुतलं. दोघी टक लावून बघत राहिल्या. मणी पुन्हा वर आला.

पोरगी वाऱ्यासारखी दारात गेली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "धावा! माझ्या आजीला खरं लागलंय!"

टॅक्सीवाला धापा टाकत आत आला, बघतो तर सुईचं टोचणं. "मावशी, जीव घेता की काय माझा!" तो खेकसला. मावशी बोट वर धरून तशीच उभी होती, आणि ढसाढसा रडत होती.